ब्रेस्ट पंप निवडताना: आधी वापर, मग कपाचं माप, मग मोटर

प्रश्न थोडक्यात असा: बाळ सहा आठवड्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. आणखी दीड महिन्याने आईला कामावर रुजू व्हायचंय आणि जाण्यायेण्यासह नऊ-दहा तास घराबाहेर राहावं लागेल. हाताचा पंप, विजेवरचा एकेरी, दुहेरी, ब्राच्या आत बसणारा, यांतला कोणता घ्यावा? आणि खोक्यावर ‘हॉस्पिटल ग्रेड’ लिहिलेलाच हवा का?

या आईसाठी उत्तर आधीच देते: विजेवर आणि बॅटरीवर चालणारा, बंद प्रणालीचा (दूध मोटरपर्यंत जाऊ न देणारा) दुहेरी पंप, सोबत स्तनावर लावायचे स्वतःच्या मापाचे कप, आणि पर्समध्ये एक साधा हाताचा पंप. ब्राच्या आत बसणारा पंप हवा असेल तर तो दुसरा म्हणून, पहिला म्हणून नको. ‘हॉस्पिटल ग्रेड’ या शब्दांना कायदेशीर व्याख्या नाही. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हा शब्दप्रयोग मानत नाही, त्यामुळे कुठलीही कंपनी तो खोक्यावर छापू शकते.

आता यामागची कारणं. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर उत्तरही बदलेल.

चोवीस तासांत पंप किती वेळा बाळाची जागा घेणार?

सगळं या एका आकड्यावर ठरतं. महिन्यातून दोन-चारदा बाहेर जायचं असेल, एखाद्या रात्री दुसऱ्या कुणी पाजावं असं वाटत असेल किंवा स्तन दाटून आल्यावर थोडं मोकळं करायचं असेल, तर हाताचा पंप पुरतो. त्यात मोटर नसते, बिघडण्यासारखी मुख्य वस्तू म्हणजे झडप. वेग आणि ओढ पूर्णपणे तुमच्या हातात असते, म्हणून काही जणींना विजेच्या पंपापेक्षा यावरच जास्त दूध येतं. मर्यादा अशी की एका वेळी एकच बाजू होते आणि दहा-बारा मिनिटांत मनगट भरून येतं. बाळाला उचलून उचलून अंगठ्याच्या बाजूने मनगट आधीच दुखत असेल, तर रोज तीनदा हा पंप दाबायच्या फंदात पडू नका.

रबरी फुग्याचा, भोंग्याच्या आकाराचा जुना पंप अजूनही विकला जातो. तो घेऊ नका. दूध फुग्यात शिरतं, आतून घासता येत नाही आणि ओढ किती बसतेय यावर काही ताबा राहत नाही.

सिलिकॉनचा एकसंध पंप, जो दाबून स्तनावर चिकटवायचा असतो, तो वेगळ्या कामाचा. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूचा पान्हाही वाहतो, ते वाया जाणारं दूध त्यात गोळा होतं. पण तो नुसतं गळणारं दूध धरत नाही, सौम्यपणे ओढूनही घेतो. दूध आधीच भरपूर असेल आणि प्रत्येक पाजणीला तो लावला, तर शरीर ‘मागणी वाढली’ असं धरून आणखी दूध तयार करतं आणि मग स्तन सतत ठणकत राहतात. कामावर दूध काढायला हा पुरत नाही.

कामाच्या दिवशी दोन ते चार वेळा दूध काढायचं असेल तर दुहेरी विजेचा पंप. वेळ निम्मा लागतो हे उघडच आहे, पण तेवढंच कारण नाही. पान्हा फुटतो तो दोन्ही बाजूंना एकदम. एकेरी पंपात पहिली बाजू होईपर्यंत दुसऱ्या बाजूचा पान्हा ओसरलेला असतो. दुहेरीत दोन्ही बाजू एकाच पान्ह्याचा फायदा घेतात आणि स्तन जास्त रिकामे होतात. रिकाम्या स्तनात दूध वेगाने बनतं, भरलेल्यात मंद. कामाच्या मधल्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटांत काम उरकायचं असेल तर एकेरी पंपाने ते जमत नाही.

चौथी परिस्थिती पूर्ण वेगळी आहे: बाळ अंगावर पीतच नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेलं आहे, अतिदक्षता विभागात आहे किंवा अजून तोंडात धरता येत नाही. इथे दूध येतं ठेवायचं सगळं काम पंपावर असतं. अशा वेळी निदान सुरुवातीचे काही आठवडे रुग्णालयात वापरतात तसा, अनेक मातांसाठी बनवलेला जड पंप भाड्याने घ्या आणि त्याला जोडायचा संच मात्र स्वतःचा नवा ठेवा. जन्मानंतर जमेल तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरुवात करायची. दिवसरात्र मिळून ८ ते १० वेळा, रात्री एकदा धरून, दोन वेळांमध्ये पाच तासांहून मोठा खंड पडू न देता. पहिले दोन-तीन दिवस चिकाचं दूध हातानेच काढलेलं बरं. ते घट्ट असतं, काही थेंबच असतं आणि पंपाच्या भागांना चिकटून वाया जातं. हाताने काढून चमच्यात किंवा सिरिंजमध्ये घेता येतं. दोन आठवड्यांच्या सुमारास चोवीस तासांत किमान ५०० मिलीपर्यंत पोचलात तर पुढची वाट सोपी असते. पोचत नसाल तर थांबून न राहता लगेच स्तनपान सल्लागाराला दाखवा, कारण हेच दिवस दुधाचं प्रमाण ठरवतात.

ओढ जास्त म्हणजे दूध जास्त, असं नाही

बाळ अंगाला लागतं तेव्हा आधी भराभर, उथळ चोखतं. पान्हा फुटला की लय मंद आणि खोल होते. चांगला पंप हेच दोन टप्प्यांत करतो: सुरुवातीला मिनिटाला शंभरच्या वर हलक्या ओढी, मग दूध वाहू लागलं की चाळीस ते साठ लांब ओढी. पंप दूध खेचून काढत नाही. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्तनातल्या बारीक पेशींना आकुंचन द्यायला लावतं आणि दूध आतून ढकललं जातं. पंप ते फक्त वाहून नेतो. पान्हा फुटला नाही तर कितीही ताकदीचा पंप लावा, नलिकांत आधीपासून असलेलं थोडंसं दूध येईल आणि धार थांबेल.

पंपाची ओढ पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. म्हणून २५० मिमीच्या वर जाण्यात काही अर्थ नाही. त्यापुढे दूध वाढत नाही, इजा होण्याची शक्यता वाढते. ३०० किंवा ३५० असे आकडे छापलेले असतील तर ती जाहिरात समजा. जास्त ओढीने दुखतं, दुखलं की ताणाची संप्रेरकं पान्हा अडवतात, शिवाय निपलभोवतीचा भाग सुजून नलिका दबतात. परिणाम उलटाच.

योग्य पातळी शोधायची रीत सोपी आहे. दूध वाहायला लागल्यावर ओढ एकेक पायरी वाढवा. किंचित नकोसं वाटलं की एक पायरी खाली या. तीच तुमची पातळी. ती नऊपैकी तीन असेल तरी तीच. उजव्या-डाव्या बाजूची पातळी वेगळी असू शकते.

यावरून खरेदीचा एक निकष निघतो. पंपात वेग आणि ओढ यांची बटणं वेगवेगळी असावीत. एकच बटण दोन्ही वाढवत असेल तर मंद वेगात खोल ओढ किंवा जलद वेगात हलकी ओढ मिळत नाही, आणि नेमकी तीच जुळणी बऱ्याच जणींना लागते. पंधरा पातळ्या, रंगीत पडदा, मोबाइलला जोडणारं अ‍ॅप, यांपैकी कशानेही दूध वाढत नाही. मधे पान्हा पुन्हा आणायला पहिल्या टप्प्यावर परत जायचं बटण मात्र असावं.

कपाचं माप: इथे घाई करू नका

पंप नवा, महागडा, तरी दूध येत नाही आणि दुखतं, या तक्रारीत सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे फ्लँज, म्हणजे स्तनावर लावायचा फनेलसारखा कप. बहुतेक पंपांबरोबर २४ मिमीचा, कधी त्यासोबत २८ मिमीचा कप येतो. पुष्कळ स्त्रियांना प्रत्यक्षात १५ ते २१ मिमीच्या दरम्यानचा लागतो. खोक्यातला कप हेच प्रमाण माप आहे असं धरून चालणं, ही पंपाच्या वापरातली सर्वांत जास्त होणारी चूक.

मापायचं ते निपल, स्तन नव्हे. स्तन मोठे म्हणून कप मोठा, असा काही संबंध नाही. दूध काढण्याआधी किंवा पाजण्याआधी मापा, कारण नंतर निपल फुगलेलं असतं. बोटाने हलकेच चोळून ते उभं करा आणि मिलिमीटरची पट्टी किंवा भोकांचं मापक लावून फक्त निपलची रुंदी घ्या. भोवतीचा गडद भाग त्यात धरायचा नाही. दोन्ही बाजू वेगळ्या मापा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो आणि मग दोन बाजूंना दोन मापांचे कप लावायचे. मापात शून्य ते तीन मिलिमीटर मिळवून कप निवडा. म्हणजे निपल १६ मिमी असेल तर १६ ते १९ यांतला. जुन्या पत्रकांत चार मिलिमीटरपर्यंत मिळवायला सांगितलेलं दिसेल. सुरुवात लहान मापाने करून पाहणं मला जास्त योग्य वाटतं.

पट्टीचं माप ही सुरुवात. निकाल पंप चालू केल्यावर लागतो. बोगद्यात, म्हणजे कपाच्या नळीसारख्या भागात, निपल मागेपुढे मोकळं सरकायला हवं आणि गडद भाग फारसा आत ओढला जाऊ नये. कप मोठा असेल तर गडद भाग निपलबरोबर आत जातो, निपलच्या तळाशी सूज येते, ओढ वाढवावी लागते तरी दूध कमीच, आणि नंतर स्तनात भरलेले भाग हाताला लागतात. कप लहान असेल तर निपल भिंतीला घासतं, टोक पांढरं पडतं, कधी तळाशी लाल वळ उठतो. एखादी बाजू घासत असेल तर आधी माप न बदलता निपल बोगद्याच्या मध्यावर आहे का ते पाहा. निम्म्या वेळा गोष्ट तेवढीच असते. कपाच्या आत पाण्याचा किंवा खाद्यतेलाचा एखादा थेंब लावला तर घर्षण कमी होतं.

काही जणींचं निपल फार लवचिक असतं, ते बोगद्याच्या पार टोकापर्यंत ताणलं जातं. त्यांनी कप मोठा करत जाऊ नये. लहान माप, सिलिकॉनची मऊ आतली चकती आणि कमी ओढ हा मार्ग घ्यावा. चकती म्हणजे २४ च्या कपात बसवून त्याला १७ किंवा १९ करणारा तुकडा. स्वस्तातला उपाय म्हणून ती ठीक आहे, पण ती नीट टेकली नाही तर कडेने हवा शिरते आणि ओढ जाते. रोजच्या वापराला योग्य मापाचा सलग कप बरा.

म्हणून पंप घेण्याआधी एक प्रश्न विचाराच: या पंपाला कोणकोणत्या मापांचे कप मिळतात, आणि दुसऱ्या कंपनीचे बसतात का? फक्त २४ आणि २७ मिळत असतील आणि तुमचं माप १७ असेल, तर बाकी सगळं उत्तम असूनही तो पंप तुमचा नव्हे. बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा मापा, माप बदलतं.

बंद आणि उघडी प्रणाली

बंद प्रणालीत दूध आणि मोटर यांच्यामध्ये एक पडदा असतो. हवेचा दाब पडद्यापलीकडून काम करतो, दूध नळीत जाऊ शकत नाही. उघड्या प्रणालीत हा अडसर नसतो. बाटली कलंडली की दूध नळीत, तिथून मोटरमध्ये, आणि मोटर काही उघडून धुता येत नाही. आत बुरशी धरली तरी बाहेरून कळत नाही.

वापरलेला पंप नातेवाइकांकडून मिळत असेल तर हाच निकष. एका व्यक्तीसाठी बनवलेला पंप दुसरीने वापरू नये, असाच एफडीएचा सल्ला आहे. उघड्या प्रणालीचा असेल तर तो नकोच. कप आणि नळ्या बदलल्या तरी मोटरचा आतला भाग बदलत नाही. बंद प्रणालीच्या पंपातही मोटरचं आयुष्य हा मुद्दा राहतो. वर्षभर रोज चार वेळा चाललेली मोटर आवाज करते पण ओढत नाही. अनेक मातांसाठीचे पंप वेगळे, ते त्यासाठीच बनवलेले असतात.

ब्राच्या आत बसणारे पंप

सोय खरी आहे. नळ्या नाहीत, वायर नाही, हात मोकळे. पण कप कपड्याआड गेला की निपल मध्यावर आहे का दिसत नाही. एका बाजूची साठवण साधारण १२० ते १५० मिली, त्यापुढे दूध बाहेर येतं. वाकलात तर सांडतं. बऱ्याच पंपांत मोटर लहान, त्यामुळे स्तन तितके रिकामे होत नाहीत. धुवायचे भागही जास्त आणि बारीक. दुधाचं प्रमाण पक्कं व्हायला पहिले सहा-आठ आठवडे लागतात. तोवर एकटा हाच पंप वापरला आणि तो दर वेळी थोडं दूध मागे ठेवत गेला, तर प्रमाण हळूहळू उतरतं आणि कारण लक्षात येत नाही. दिवसातून तीनपैकी एक वेळ यावर, बाकी नेहमीच्या दुहेरी पंपावर, अशी विभागणी चालते. हात मोकळे एवढाच हेतू असेल तर दुहेरी पंपाला कप धरून ठेवणारी पंपिंग ब्रा हा जास्त भरवशाचा उपाय.

झडपा, पडदे, नळ्या

काल १०० मिली आलं, आज त्याच वेळी ५०. दूध आटलं असं ठरवण्याआधी पंप तपासा. क्रम असा ठेवा. पहिली झडप: बाटलीच्या वर बसणारी, बदकाच्या चोचीसारखी सिलिकॉनची. तिची फट मिटलेली असायला हवी. उघडी दिसत असेल, कडा ताणलेली असेल किंवा फाटली असेल तर ओढ निम्म्यावर येते. धुताना फटीत ब्रश घालणं हेच ती फाटण्याचं नेहमीचं कारण. बोटांनी हलकं चोळून धुवा. दुसरा तो अडसराचा पडदा: ओला राहिला असेल किंवा नीट बसला नसेल. तिसरी नळी: टोकाला सैल झाली का, चिरली का. चौथी बॅटरी: चार्जिंग उतरलं की काही पंपांचा आवाज तसाच राहतो पण ओढ कमी होते, म्हणून थेट विजेवर लावून पाहा.

दोष कुठे आहे ते पटकन ओळखायला दोन्ही बाजूंचे सगळे भाग एकमेकांत बदला. डाव्या बाजूचा दोष भागांबरोबर उजवीकडे गेला तर दोष भागांत. डावीकडेच राहिला तर मोटरच्या त्या बाजूच्या तोंडात, किंवा मग त्या स्तनाच्या दुधातच फरक आहे. दोन स्तनांतून सारखं दूध येत नाही, हे सर्वसाधारण आहे.

रोज तीन-चारदा पंप चालत असेल तर झडपा महिना-दोन महिन्यांनी बदला, वापर कमी असेल तर तीन महिन्यांनी. जास्तीच्या दोन झडपा पंपाबरोबरच घेऊन ठेवा. सुटे भाग सहज मिळत नाहीत असा पंप, कितीही चांगला असो, सहा महिन्यांत शोभेची वस्तू होतो.

पंप निर्दोष असेल तर आईकडे वळा: पाळी परत सुरू झाली का, इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू केली का, सर्दीसाठी स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध घेतलं का, बाळ रात्री जास्त पिऊ लागलं का. सर्दीच्या त्या औषधाने काही जणींचं दूध एका-दोन दिवसांत कमी झालेलं दिसतं.

किती दूध लागेल, किती येईल

एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ चोवीस तासांत साधारण ७५० ते ८०० मिली दूध पितं. काही बाळं बरीच कमी, काही जास्त. या काळात ही गरज फारशी वाढत नाही. म्हणजे तासाला सुमारे ३० ते ३५ मिली. दहा तास बाहेर राहायचं तर ३०० ते ३५० मिली, एकेका वेळेस ९० ते १२० मिली. फ्रीझर भरून साठा करायची गरज नाही. पहिल्या दिवसाचं दूध आणि सांडलंच तर एका दिवसाचं जास्तीचं, एवढं पुरतं. त्यानंतर आज काढलेलं उद्या.

साठा करायला दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करा. सकाळच्या पहिल्या पाजणीनंतर अर्ध्या-एक तासाने एकदा. पाजून झाल्यावर काढताना दोन्ही बाजूंचं मिळून १५ ते ६० मिली येणं अगदी ठीक आहे. ते उरलेलं दूध आहे, तुमची क्षमता नव्हे. बाळाची एक पाजणी चुकवून काढलं तर ६० ते १२० मिली अपेक्षित धरा.

कामावर दर तीन तासांनी एकदा, म्हणजे दहा तासांत तीन वेळा. आधी मिनिटभर स्तन हलक्या हाताने चोळा, पंप लावा, धार मंदावली की पंप चालू ठेवूनच भरलेला भाग बोटांनी अलगद दाबा. पुन्हा पहिल्या टप्प्याचं बटण, दुसरा पान्हा येऊ द्या. शेवटी मिनिटभर हाताने काढा. हात आणि पंप एकत्र वापरल्याने निव्वळ पंपापेक्षा जास्त दूध येतं, आणि त्यात स्निग्धांशही जास्त असतो. बाटलीकडे टक लावून बसू नका, तिच्यावर पायमोजा चढवून ठेवा. ऑक्सिटोसिनला हिशेब मानवत नाही.

मात्र गरजेहून जास्त काढत राहणंही नुकसानीचं. स्तन सतत दाटलेले, दुधाची गाठ, लाली आणि ताप या तक्रारींच्या मागे पुष्कळदा जास्तीचं पंपिंग असतं. गाठ आली की ‘पूर्ण रिकामं करा, जोरात चोळा’ हा सल्ला आता मागे पडला आहे. नेहमीइतकंच पाजा किंवा काढा, थंड शेक द्या, जोरात रगडू नका. ताप चोवीस तासांत उतरला नाही किंवा लाली पसरली तर डॉक्टरांकडे.

साठवण आणि धुणं

२५ अंशांपर्यंतच्या खोलीत ताजं दूध चार तास. खोली त्याहून गरम असेल तर लगेच थंडाव्यात. बर्फाच्या पिशव्या असलेल्या डब्यात चोवीस तास, फ्रिजमध्ये चार दिवस, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम, बारापर्यंत चालतं. फ्रिजच्या दारात ठेवू नका, आत मागे ठेवा. गोठलेलं दूध फ्रिजमध्ये वितळवलं तर पूर्ण वितळल्यापासून चोवीस तासांत वापरा, पुन्हा गोठवू नका. कोमट केलेलं किंवा बाळाच्या तोंडाला लागलेलं दूध दोन तासांत संपवा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मधेच चटका देणारे भाग राहतात.

दुधाला लागणारे सगळे भाग दर वेळी सुटे करा, धारेखाली खळबळा, फक्त याच कामाच्या भांड्यात गरम पाणी आणि साबण घेऊन ब्रशने घासा. सिंकमध्ये थेट ठेवायचे नाहीत. कपड्याने न पुसता उघड्यावर वाळू द्या. बाळ दोन महिन्यांहून लहान, अपुऱ्या दिवसांचं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा किंवा वाफेवर निर्जंतुक करा. साबणाच्या पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवणं म्हणजे स्वच्छता नव्हे. अमेरिकेत २०१६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर जंतूचा गंभीर संसर्ग झाला. तपासात धागा पंपाच्या भागांपर्यंत पोचला. ते न घासता नुसते साबणाच्या पाण्यात भिजवून ठेवले जात होते. हवेच्या नळ्या धुवायच्या नसतात. आत ओल दिसली तर दूध काढून झाल्यावर पंप दोन-तीन मिनिटं नुसताच चालवा.

घासायला कामावर सोय नसेल तर तीन वेळांसाठी धुतलेले तीन संच न्या. कप आणि झडपांचे जास्तीचे संच घेण्यावर केलेला खर्च महागड्या मोटरवरच्या खर्चापेक्षा रोजच्या रोज उपयोगी पडतो.

खरेदीच्या दिवशी

पंप पाण्याविना, दुधाविना चालवून पाहा. कप गालावर किंवा तळहातावर टेकवून ओढ दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघा. थेट विजेवर आणि बॅटरीवर दोन्ही चालतो का, एका चार्जिंगमध्ये तीन वेळा पूर्ण होतात का, झडपा आणि कप सुटे मिळतात का, मोटरची हमी किती, हे विचारा. आवाजही ऐका, पातळ भिंतीपलीकडे सहकारी बसणार असतील तर तो महत्त्वाचा ठरतो. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी खोका उघडू नका. दोन आठवडे घरी वापरा, म्हणजे माप चुकलंय का ते कळेल आणि बदलायला वेळ राहील.

आणि हाताने दूध काढता यायलाच हवं, कारण चार्जर घरी विसरतो, झडप सिंकच्या भोकातून जाते. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, निपलपासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी छातीकडे मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडा. त्वचेवरून बोटं घसरवायची नाहीत, निपल पिळायचं नाही. पहिले एक-दोन मिनिटं थेंबच येतील, नंतर धार लागते. धार मंदावली की बोटं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पुढच्या जागी न्या. स्वच्छ, रुंद तोंडाचं कोणतंही भांडं चालतं.